पुराच्या पैशासाठी दोन्ही बाकांवरचे हात एकदम वर: आपल्याकडे हे मागायचं कुठे?

तलावकाठची (वाशी)
१३ जुलै २०२५, रात्री ९.४०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते. राजकारणाच्या विभागात टाकावा की नागरी प्रश्नांच्या, ते कळेना, म्हणून इथे टाकतेय. कुठल्याही पक्षाची पताका घेऊन येऊ नका. मला उत्तर हवंय, भांडण घरी पुरेसं आहे.

मी वाशीत धारण तलावाच्या काठच्या सोसायटीत राहते. गेली सहा वर्षं सेक्रेटरी आहे, म्हणजे दुसरं कुणी व्हायला तयार नाही म्हणून आहे. त्याआधी तीस वर्षं एका पेढीचे हिशेब लिहिले, आधी मस्जिद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर दाणाबंदरात. त्यामुळे पुराकडेसुद्धा मी वहीतूनच बघते. पाणी कुठून आलं याच्या आधी, पैसे कुठे अडले, हे मनात येतं.

नव्या लोकांसाठी: आपलं शहर बरंचसं खाजणावर, भरतीच्या पाण्याच्या खालच्या पातळीवर उभं आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीने हे धारण तलाव ठेवले. भरती चढली की खाडीकडची झडप पाण्याच्या दाबाने मिटते, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. पंप नाही, वीज नाही. अशी बिनखर्चाची सोय मी दुसरी पाहिली नाही. फक्त तलावाला पोट पाहिजे. आमच्या तलावाच्या पोटात आता गाळ आहे आणि गाळावर कांदळवन. जून संपता संपता एका रात्री भरती आणि पाऊस एकाच वेळी आले आणि आमच्या मीटररूममध्ये घोट्याच्या वर पाणी. लिफ्ट दोन दिवस बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून खाली आणलं. नवा पंप घेतला, घरटी १,८०० रुपये वर्गणी. त्यातले तिघांचे अजून यायचेत.

गाळासाठी मी तीन कार्यालयांचे उंबरे झिजवले. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने लेखी दिलं की कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ते खरंच आहे, २०१८ चा निकाल तसा आहे, आणि कांदळवन तोडा असं मी म्हणतही नाही. पण झडपेच्या तोंडाशी गाळ आहे तिथे झाड नाही, तो कुणी काढायचा? त्याला उत्तर नाही. नगरसेवकाला विचारावं तर २०२० पासून आज, जुलै २०२५ पर्यंत, नगरसेवकच नाहीत.

आता मूळ मुद्दा. माझी लेक ह्यूस्टनला असते. २०१७ साली तिच्या बाळंतपणासाठी मी तिकडे होते. गणेश चतुर्थीच्या दिवशी, २५ ऑगस्टला, हार्वे वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर आलं. तिचं घर अ‍ॅडिक्स धरणाच्या वरच्या अंगाला. धरण १९४० च्या दशकातलं, एरवी कोरडं. पाऊस आला की पाणी मागे तुंबवायचं, म्हणजे शहर वाचतं. आणि जिथे तुंबवायचं त्याच जागेत नंतर घरं झाली. घर घेताना तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. अकरा दिवसांचं बाळ, ओली बाळंतीण आणि मी, शेजाऱ्याच्या मासेमारीच्या होडीतून बाहेर पडलो. इकडे २९ तारखेला, गौरी यायच्या दिवशी, मुंबई बुडाली आणि आमच्या ह्यांनी मानखुर्दच्या एका शाळेत रात्र काढली. एकाच आठवड्यात नवरा-बायको पृथ्वीच्या दोन टोकांना पाण्यात. माझ्या जाऊबाई म्हणतात, तुमची रासच तशी.

वर्षभराने, अगदी त्याच तारखेला, २५ ऑगस्ट २०१८ ला, त्यांच्या हॅरिस काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, मतदान झालं. प्रश्न एकच: पूर अडवायच्या कामांसाठी अडीच अब्ज डॉलरचे रोखे काढायचे का? ते फेडायचे घरपट्टीतून. सुमारे ८६ टक्के लोकांनी हो म्हटलं. जावयाने मत दिलं आणि मला फोन करून सांगितलं, "आई, मी स्वतःवर कर लावून आलो."

आणि परवा त्याने आणखी एक सांगितलं. त्यांच्या काँग्रेसमध्ये दर दोन वर्षांनी पाण्याच्या कामांचा एक कायदा होतो: पूरभिंती, बंदरं, नद्यांतले जलमार्ग, लॉकगेट (बोटींना वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे दरवाजे), सगळं एकाच कायद्यात. गेल्या डिसेंबरात तो आला तेव्हा खालच्या सभागृहात ३९९ विरुद्ध १८, वरच्यात ९७ विरुद्ध १. एकाने पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणणार, अशी त्या दोन पक्षांची आजची तऱ्हा. तरी इथे हात एकदम वर. ४ जानेवारी २०२५ ला बायडेन यांची सहीसुद्धा झाली.

तर प्रश्न: आपल्या विधानसभेत असा, दोन्ही बाकांनी मिळून आणलेला, दर दोन वर्षांनी ठरलेल्या वेळी येणारा पुराचा कायदा होऊ शकतो का? नसेल तर का नाही? आणि ठाणे-नवी मुंबईतला एक तलाव सरकारच्या नेमक्या कुठल्या वहीत बसतो?

---

बोरिवली_स्लो
१३ जुलै, रात्री १०.०५

काकू, दोन्ही बाकं एकत्र येतात हो. स्वतःचं मानधन वाढवायचं असलं की.

---

तलावकाठची (वाशी)
१३ जुलै, रात्री १०.११

हे मलाही येतं. चहा झाला असेल तर कामाचं बोला.

---

नोंदवहीवाला (ठाणे, पाचपाखाडी)
१४ जुलै, सकाळी ६.३०

ताई, मी मंत्रालयात अर्थसंकल्पाच्या कामावर बावीस वर्षं होतो, आता निवृत्त. तुमच्या आकड्यांना दाद देतो आणि लगेच एक टाचणी मारतो.

जावईबापूंचा तो कायदा म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या भाषेत ती प्रशासकीय मान्यता. "हे काम करण्यास मंजुरी." प्रत्यक्ष निधी दरवर्षी वेगळ्या विनियोजन कायद्याने यावा लागतो, आणि तिथे हात असे एकदम वर होत नाहीत. मान्यता मिळून वर्षानुवर्षं पैशाची वाट बघणारी कामं त्यांच्याकडेही ढिगाने आहेत. तुम्ही हिशेब लिहिलेत, तुम्हाला हे चटकन कळेल: हुंडी लिहून झाली, वटायची राहिली.

मग ३९९ मतं का पडतात? कारण त्या यादीत जवळजवळ प्रत्येक सदस्याची नदी, धक्का नाहीतर बंधारा असतो. आणि यादी लहरीने बनत नाही. गावाने किंवा काउंटीने प्रस्ताव द्यायचा, लष्कराच्या इंजिनिअर दलाने त्याचा अभ्यास करायचा, त्या दलाच्या प्रमुखाच्या सहीचा अहवाल आला तरच काम कायद्यात. २०१४ पासून दर दोन वर्षांनी हे चक्र चुकलेलं नाही. यावेळी हुकलं तर पुढची गाडी दोन वर्षांनी नक्की आहे हे माहीत असल्यामुळे लोक रुळावर आडवे पडत नाहीत. गुपित असलंच तर ते वेळापत्रकात आहे, त्यांच्या मनाच्या मोठेपणात नाही.

आणि हे नेहमी असं नव्हतं. १९७६ नंतर दहा वर्षं असा मोठा कायदा झालाच नाही. अडलं होतं ते एका गोष्टीवर: स्थानिकांनी किती वाटा उचलायचा. केंद्राने सगळं द्यावं असं सदस्यांचं म्हणणं, रेगन सरकारचं म्हणणं वाटा उचला. शेवटी १९८६ च्या नोव्हेंबरात तोड निघाली, स्थानिक वाटा कायद्यात बसला. आज पूरनियंत्रणाच्या कामात तो साधारण ३५ टक्के असतो. जलमार्गांचा हिशेब निराळा. तिथे बार्जच्या डिझेलवर कर आहे, गॅलनमागे २९ सेंट, आणि तो वेगळ्या खात्यात जमा होतो. २०१५ पर्यंत तो २० सेंट होता. वाढवा म्हणून बार्जवाल्यांनीच मागणी केली होती. लॉकगेट मोडलं की बार्ज आठवडाभर उभा राहतो, त्याच्यापुढे नऊ सेंट काय.

आता आपलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: तसाच्या तसा नाही होत.

त्यांच्याकडे सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊन सुखाने घरी जातो. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आहे. पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडला तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे "दोन्हीकडचे काही" असं मतदान आपल्याकडे होत नाही, सरकारने आणलेलं विधेयक सगळ्यांनी मिळून संमत करणं एवढंच होतं. दुसरं, खर्चाचं विधेयक आमदाराने स्वतःहून आणायचं म्हटलं तर राज्यघटनेचा २०७ वा अनुच्छेद आडवा येतो. राज्याच्या एकत्रित निधीतून पैसे जाणार असतील तर राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची. आणि अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी आणलेल्या, विधेयकांचं नशीब सांगायचं तर संसदेत आजवर १४ कायदे त्या वाटेने झाले, शेवटचा १९७० मध्ये. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट.

तलाव कुठल्या वहीत बसतो, ते संध्याकाळी. नातवाला शाळेत सोडायचंय.

---

गॅल्व्हेस्टन_खाडी
१४ जुलै, सकाळी ८.५० (आमच्याकडे रात्र)

मी मूळचा कळव्याचा, इथे टेक्ससच्या किनाऱ्यावर बंदराच्या कामात आहे. नोंदवहीवाल्या काकांनी हुंडीची उपमा दिली, तिचा सगळ्यात मोठा नमुना माझ्या खिडकीतून दिसतो. म्हणजे दिसायला हवा होता.

२००८ मध्ये आइक वादळ आलं. तेव्हापासून खाडीच्या तोंडावर प्रचंड दरवाजे बसवायची कल्पना आहे, लोक त्याला "आइक डाइक" म्हणतात. अभ्यास, सुनावण्या, पुन्हा अभ्यास. २०२२ च्या पाण्याच्या कायद्यात त्याला मंजुरी मिळाली: ३४ अब्ज डॉलर. ढोल वाजले. मग २०२४ मध्ये केंद्राकडून सुरुवातीचे पैसे आले, ५ लाख डॉलर. ३४ अब्जांपैकी ५ लाख! इथे एका बऱ्या घराची किंमत. ऑफिसात आम्ही म्हणायचो, दरवाजे राहू देत, कड्या तरी येतील.

तरीही एक सांगतो. ती मंजुरी फुकट गेली नाही. नाव यादीत आलं म्हणून टेक्सस राज्याने आपल्या तिजोरीतून पैसे बाजूला काढले. किनाऱ्यावरच्या काउंट्यांनी मिळून कर लावू शकणारं एक मंडळ आधीच केलं होतं, स्थानिक वाटा कुठून आणायचा हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. तिकडे कळव्याला असताना आम्ही जवळच्या विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की घरी उशिरा आलो म्हणून बोलणी खायचो. मी शाळेत असल्यापासून ते पाणी तिथेच साचतं. ते नाव कुठल्या यादीत, कितव्या क्रमांकावर आहे, हे कुणाला विचारायचं तेही आम्हाला माहीत नव्हतं. इथे निदान क्रमांक माहीत असतो आणि त्यावरून भांडता येतं.

---

काठ्यावरचा (दिवाळे, बेलापूर)
१४ जुलै, दुपारी १.१५

काकू, तुमच्या त्या डच झडपेला आमच्यात उघाडी म्हणतात. सिडको यायच्या कितीतरी आधीपासून इथे खारी, म्हणजे खाडीलगतची शेतं होती, भात पिकायचं, खाडीकडून बाहेरकाठा म्हणजे मातीचा बांध आणि त्यात उघाडी. भरतीला मिटायची, ओहोटीला उघडायची. डच लोकांनी आमच्या आज्याकडूनच शिकलं म्हणा ना. (गंमत करतोय, मारू नका.)

पण पैशाची गोष्ट निघालीय म्हणून सांगतो. आजा सांगायचा, काठ्याला खांड पडली तर खारं पाणी एका रात्रीत आख्खी खार खातं, मग तीन-चार वर्षं पीक नाही. म्हणून प्रत्येकाने बिघ्यामागे ठरलेलं भात काठ्याच्या दुरुस्तीसाठी द्यायचं. पीक आलं की आधी ते बाजूला, मग घरात. आणि खांड पडली की जोल निघायचा, गावातले सगळे बाप्ये रात्री-अपरात्री चिखलात. तिथे कुणी विचारत नव्हतं तू कुठल्या पार्टीचा. पुढे सरकारने खारजमिनीचे कायदे केले, १९४८ ला एक, १९७९ ला एक. काठा सरकारचा झाला. त्यानंतर खांड पडली की लोक अर्ज लिहायला लागले.

सर्वपक्षीय हा शब्द आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. १९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठी गोळ्या खाल्ल्या, जासई-नवघरला पाच जण गेले. दि. बा. पाटील शेकापचे, पण मागे सगळ्या पक्षांची घरं होती. त्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून सर्वपक्षीय समिती झाली, साखळी झाली, मीही हातात हात धरून उभा होतो. नाल्यासाठी अशी समिती झालेली मी बघितली नाही. गाळाला नाव देता येत नाही ना.

जलमार्गाचं म्हणाल तर आमच्या बेलापूरच्या जेट्टीला ८ कोटी ३७ लाख लागले. निम्मे केंद्राचे, बंदरांसाठीच्या सागरमाला योजनेतून, निम्मे राज्याचे. तेव्हा राज्यात एक सरकार, दिल्लीत दुसरं, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तरी १७ फेब्रुवारी २०२२ ला उद्घाटनाच्या पडद्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री सोनोवाल दोघंही होते. म्हणजे जमतं. फीत असली की जमतं. जेट्टी दिसते. उघाडी दिसत नाही, ती फक्त बुडाल्यावर आठवते.

---

तलावकाठची (वाशी)
१४ जुलै, दुपारी २.००

उघाडी! केवढा छान शब्द. सहा वर्षं मी "फ्लॅप गेट, फ्लॅप गेट" करत अर्ज लिहितेय.

बिघ्यामागे भात, हे मला फार आवडलं. आमच्याकडे लिफ्टची वर्गणी तळमजलावाले देत नाहीत आणि पंपाची वरचे देत नाहीत. दादा, एक विचारते, जोलाला जो यायचा नाही त्याचं काय करायचे?

---

काठ्यावरचा (दिवाळे, बेलापूर)
१४ जुलै, दुपारी २.२०

आज्याने सांगितलं नाही. पण ज्या अर्थी सगळे यायचे, त्या अर्थी काहीतरी करत असणार.

---

नोंदवहीवाला (ठाणे, पाचपाखाडी)
१४ जुलै, सायंकाळी ७.४५

वह्यांचं सांगतो. कंटाळवाणं आहे, पण तुमचा तलाव यातच हरवलाय.

पाणी, निचरा, बंधारे हे राज्यसूचीतले विषय, १७ वी नोंद. केंद्र पैसे देतं ते मदत म्हणून. केंद्राचा पूर व्यवस्थापन आणि सीमावर्ती क्षेत्र कार्यक्रम आहे, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांना ४,१०० कोटी, आख्ख्या देशाला. साधारण राज्यांना ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. ही वही नद्यांच्या पुराची आणि किनारा धुपण्याची. उल्हास नदीसाठी कुणी नीट प्रस्ताव केला तर तिथे दार ठोठावता येईल. २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवासी होड्यांनी काढावे लागले, ती हीच नदी. शहरातला तलाव तिथे बसत नाही.

शहरी पुराची वही पंधराव्या वित्त आयोगाने पहिल्यांदा उघडली. २,५०० कोटी, सात शहरांना: मुंबई, चेन्नई, कोलकात्याला ५०० कोटी प्रत्येकी, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुण्याला २५० कोटी. ठाणं नाही, नवी मुंबई नाही. पावसाला ऐरोलीचा पूल ओलांडल्यावर महापालिका बदलली हे कळत नाही, वहीला कळतं.

त्याच्याही आधी, मुंबईच्या ब्रिमस्टोवॅडला, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेला, २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले. केंद्रात एक आघाडी, महापालिकेत विरोधी युती. आधीचा अहवाल १९९३ चा. मधली बारा वर्षं तो कपाटात होता आणि कपाट उघडलं ते २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटरनी. त्यामुळे आपल्याकडे एकमत होत नाही हे मी मान्य करणार नाही. होतं, पण ते पाणी ओसरेपर्यंतच टिकतं.

जलमार्गांचंही तसंच. २०१६ च्या कायद्याने देशातले राष्ट्रीय जलमार्ग पाचांवरून एकदम १११ झाले. त्यातला ५३ क्रमांकाचा कल्याण-ठाणे-मुंबई, १४५ किलोमीटर, आपल्याच खाडीतून. संमत करताना फारसं कुणी अडवलं नाही, कारण बहुतेकांच्या राज्यात एकेक जलमार्ग आला. अमेरिकेची यादी आणि ही यादी इथपर्यंत जुळ्या बहिणी. फरक पुढे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली इथल्या जेट्ट्यांच्या बातम्या मी इतकी वर्षं वाचतोय की नातू आता विचारतो, आजोबा, बोट कधी?

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. ताई, तुमच्या सोसायटीतल्या कुठल्याही नोकरदाराची पगाराची पावती घ्या. व्यवसाय कर: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा कर १९७५ मध्ये कशासाठी आला माहीत आहे? रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या कामांना कायमचा पैसा हवा होता. वि. स. पागे यांची कल्पना, ते विधान परिषदेचे सभापती. शहरातल्या पगारदारांवर कर, तो वेगळ्या निधीत, आणि जेवढा जमेल तेवढाच राज्याने स्वतःचा घालायचा. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. विरोधकांचं म्हणणं "आणखी करा" एवढंच होतं. कायदा सरकारनेच आणला, व्हिप कुणाला मोडावा लागला नाही, २०७ वा अनुच्छेद आडवा आला नाही.

म्हणजे दुष्काळासाठी आपण हे करून बसलोय, तेही पन्नास वर्षांपूर्वी. शहराने गावासाठी कर भरला. पुढे त्या निधीतले पैसे वेळेवर खर्ची पडत नाहीत अशा तक्रारी झाल्या, त्या मी स्वतः हाताळल्यात, त्यामुळे सोन्याचं काही दाखवत नाहीये. पण पाणी कमी पडलं तेव्हा जे सुचलं, ते पाणी जास्त झाल्यावर का सुचू नये, हे मला आजपर्यंत कुणी समजावलेलं नाही.

तुम्ही कायदा मागू नका, तो तुमच्या हातचा नाही. यादी मागा. महापालिका क्षेत्रातले सगळे अकरा धारण तलाव, प्रत्येकाची मूळ क्षमता, आजची क्षमता, झडपांची स्थिती, आणि कुठल्या तलावाला कुठल्या वर्षी पैसे. माहिती अधिकारात विचारा. आणि तीच यादी आपल्या भागातल्या सगळ्या आमदारांना एकाच दिवशी, एकाच पत्राने द्या, सत्तेतल्याला आणि नसलेल्याला. एकाला दिलीत तर दुसरा तिला हात लावणार नाही. सभागृहात लक्षवेधी लावायला कुठल्याही बाकाला परवानगी असते.

---

बोरिवली_स्लो
१४ जुलै, रात्री ८.३०

माझी पगाराची पावती आत्ता बघितली. अकरा वर्षं कापले जातायत आणि मला वाटायचं ते महापालिकेचं काहीतरी असेल. गप्प बसतो.

---

तलावकाठची (वाशी)
१६ जुलै, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, काय केलं ते सांगते.

माहिती अधिकाराचा अर्ज आज टाकला. काकांच्या चार ओळी जशाच्या तशा, आणि पाचवी माझी: गेल्या दहा वर्षांत झडपा दुरुस्तीवर दरवर्षी किती मंजूर, किती खर्च, दोन रकाने वेगळे. हुंडी आणि वटलेली हुंडी एकाच रकान्यात लिहिणाऱ्या मुनिमाला आमच्या पेढीवर दिवाळीला बोनस नसायचा.

काल रात्री सोसायटीची सभा घेतली. मी म्हटलं, घरटी महिन्याला ५० रुपये, वेगळ्या खात्यात, फक्त पाण्यासाठी. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत सारखे. बिघ्यामागे भाताची गोष्टही सांगितली. बावीस घरांनी हो म्हटलं, नऊ म्हणाले बघू. सातव्या मजल्यावरच्या साहेबांनी विचारलं, आमच्याकडे पाणी कसं चढणार? तेव्हा डायलिसिसच्या आजींचा मुलगा म्हणाला, पाणी नाही चढत काका, लिफ्टपण नाही चढत. त्यांनी सही केली.

मीटरचा बोर्ड चार फूट वर घ्यायला इलेक्ट्रिशियन उद्या येतोय.

जावयाला हा धागा वाचून दाखवला. ३४ अब्ज आणि ५ लाखांवर तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, आई, मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली होती. मी म्हटलं, जावयांचं असंच असतं.

आता एक काम आहे. २६ जुलैला दुपारी एकच्या सुमारास मोठी भरती आहे, शनिवार आहे. आपल्या उघाड्या मिटतात की नाही हे डोळ्यांनी बघायचंय आणि ओहोटीला कितपत उघडतात त्याचे फोटो, वेळेसकट. काठ्यावरचे दादा, तुम्हाला बघताक्षणी कळेल, म्हणून तुम्ही या. बोरिवलीवाले, तुम्हीही या, लोकल चालू असली तर. साडेबाराला मिनी सीशोरच्या चहाच्या टपरीपाशी. छत्री आणि चिखलात चालतील अशा चपला.